वीतभर चूक

दहशूरच्या खजुरीच्या बागा संपल्या की एका पावलात वाळू सुरू होते. त्या वाळूत शहाता बयूमीनं आयुष्यातले सोळा हिवाळे एक काठी सरळ धरून काढले. काठी माणसापेक्षा हातभर उंच, टोकाला मुठीएवढा आरसा, मध्यावर पाण्याचा बुडबुडा. लांब तिकाटण्यावर यंत्र असे. यंत्रातून निघालेला किरण आरशावर आपटून परत जाई आणि काठीचं टोक जिथे टेकलंय ती जागा वहीत उतरे. काठीवाल्याचं काम बघायला गेलं तर सोपं. टोक खुणेवर टेकवायचं, बुडबुडा मधोमध आणायचा आणि लांबून 'झालं' असं ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. पण वारा सुटलेला असताना, पापण्यांत वाळू घुसत असताना न हलणं सगळ्यांना जमत नाही. शहाताला जमे. एकदा पर्यटकांचा उंट येऊन त्याच्या पागोट्याचा वास घेऊन गेला, तरी बुडबुडा जागचा हलला नव्हता. ही गोष्ट मुकादम दर वर्षी नव्या मजुरांना सांगायचा.

शहाता म्हणजे भीक मागून आणलेला. त्याच्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून आईनं शेजाऱ्यांकडून फडकी मागून आणून त्याला गुंडाळलं आणि नावही तेच ठेवलं. बाप खजुरीच्या झाडांवर चढायचा. शाळा कालव्यापलीकडे होती. शहाता एक हिवाळा गेला. मास्तरांची छडी आणि घरच्या म्हशीचा घास यांत म्हशीची बाजू जड ठरली आणि त्याचं शिक्षण तिथेच थांबलं. आकडे मात्र तो शिकला, कारण खजुराची पोती तोलताना आकडे यावेच लागत. अक्षरं तोलावी लागत नाहीत, ती राहिली.

परदेशी मोहीम गावात आली तेव्हा तो पस्तिशीचा होता. मुकादम अब्दुस्सत्तार वरच्या मुलखातल्या कुफ्तचा. त्याच्या घराण्यात चार पिढ्या हेच काम. त्यानं गावच्या चौकात उभं राहून विचारलं, लिहितावाचता येणारे कोण आहेत? मोजणीच्या कामाला दोघं हवे होते. बाकीच्यांना वाळूच्या टोपल्या उचलायच्या होत्या. शहातानं आजूबाजूला पाहिलं. त्याचा मेहुणा तिथे होता, पाठीमागे राहणारा सलामा होता, ज्याच्याशी त्याचं बांधावरून वाकडं होतं. शहाताचा हात वर गेला. मुकादमानं कागद पुढे केला, तेव्हा तो म्हणाला, चष्मा घरी राहिलाय. मुकादमाला घाई होती. त्यानं नाव मांडून घेतलं आणि पुढच्याकडे वळला.

एवढंच खोटं. पण ते रोज सकाळी पायघोळ गलाबियासारखं अंगात चढवावं लागे. शहातानं जाड भिंगांचा चष्मा घेतला. काखेत वर्तमानपत्र ठेवू लागला. चहाच्या टपरीवर कुणी बातमी विचारली, की म्हणायचा, "काय असणार? तेच सगळं," आणि घडी करून टाकायचा. पिरॅमिडभोवतीच्या जुन्या खुणा त्यानं तोंडपाठ केल्या. ही फुटक्या दगडाशेजारची, ही तडा गेलेल्या पायरीखालची, ही जिथे मोसमभर विंचू निघतात तिथली. वहीतलं नाव कुणी पुकारलं, की त्याचे पाय आपोआप तिकडे वळत. बायको नबवीया गावात बायकांसाठी निघालेल्या साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागली, तेव्हा त्यानं तिची मनसोक्त टिंगल केली. म्हणाला, "या वयात काय, मंत्री व्हायचंय?" ती तरीही जात राहिली. दोन वर्षांनी ती औषधाच्या बाटल्या वाचायला लागली. त्याला येत नाही हे तिला ठाऊक होतं. थोरली सबाह, जिच्यावरून नबवीया त्याला अबू सबाह, सबाहचा बाप, म्हणे, आणि पाठच्या दोघी, अशा तीन मुली वाढल्या, शिकल्या, पण ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नाही.

सोळाव्या हिवाळ्यात मोजणीला वजीह आला. बेन्हा शहरचा पोरगेला इंजिनिअर, सत्ताविसाचा, हाडकुळा. मोहिमेच्या प्रमुख बाईंनी, ज्यांना सगळे मुदीरा म्हणत, त्याला एकच प्रश्न दिला होता. लाल पिरॅमिडच्या चारही बाजू उत्तरेला इतक्या नेमक्या कशा लावल्या गेल्या, आणि जो थोडा फरक राहिला तो कुठल्या बाजूला किती आहे? फरक किती, हे कळलं तर त्या लोकांनी उत्तर दिशा कशावरून शोधली होती याचा अंदाज बांधता येतो. ताऱ्यांवरून शोधली असेल तर चूक एका तऱ्हेची होते, सूर्यावरून शोधली असेल तर दुसऱ्या. वजीहला त्यातून डॉक्टरेट करायची होती.

तो आधीच्या मोजणीवाल्यांसारखा नव्हता. जेवायला मजुरांत बसायचा, नबवीयाच्या हातचं जुनं खारवलेलं चीज आणि हिरवा कांदा मागून खायचा. खाता खाता बोलायचा. एके दिवशी त्यानं वाळूत काठी रोवली, तिच्या बुंध्याला दोरी बांधून वर्तुळ काढलं, आणि सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला लागलं तिथे खडा ठेवला. दुपार कलल्यावर सावली पुन्हा वर्तुळाला लागली, तिथे दुसरा. दोन खड्यांमधून दोरी ताणली आणि म्हणाला, "ही पूर्व-पश्चिम, अम्म शहाता. ना यंत्र, ना होकायंत्र. एक काठी, एक दोरी आणि धीर धरणारा माणूस, बस."

"म्हणजे माझ्यासारखा," शहाता म्हणाला.

"तुमच्यासारखाच. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तुमचंच काम करत होता. तो हलला असता तर हा डोंगर तिरका उभा राहिला असता."

अम्म म्हणजे काका. गावात सगळेच म्हणायचे, पण वजीहच्या तोंडून त्याला ते वेगळं लागे. त्या संध्याकाळी त्यानं टपरीवर सावलीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. सलामा म्हणाला, "बघा, प्रोफेसर झाले आमचे शेजारी. आता आमच्या बांधाची पण दिशा सांगा." लोक हसले. शहाताही हसला, त्याला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या एका दिवशी वजीहनं त्याला निखळून पडलेल्या दगडाची मागची बाजू दाखवली. लाल गेरूनं काही खरडलेलं होतं. वजीह म्हणाला, ओढणाऱ्या टोळीनं हे लिहिलंय, अशा दगडांवर टोळ्यांची नावं असतात, कधी दगड बसवल्याचा दिवसही असतो. शहातानं वाकून पाहिलं. दगड ओढणाऱ्या माणसांत कुणीतरी एक लिहिणारा होता. त्याचे कान गरम झाले. त्यानं चष्मा काढून गलाबियाला पुसला आणि पुन्हा घातला.

त्या मोसमात पूर्वेच्या बाजूला नवीन खुणा बसवल्या गेल्या. पिरॅमिडचे वरचे गुळगुळीत दगड बहुतेक लोकांनी केव्हाच काढून नेलेत, पण पूर्वेला काही ठिकाणी त्यांची पायाची ओळ शाबूत आहे, आणि तिच्या बाहेर वीतभर अंतरावर खालच्या फरशीत जुन्या कारागिरांनी कोरलेली रेघ आहे. दोन्ही मोजायच्या होत्या. म्हणून जोडीजोडीनं पत्र्याचे लहान बिल्ले ठोकले. बिल्ल्यावर मोठा आकडा, वर बारीक अक्षरात मोहिमेचं नाव, खाली तसंच बाजूचं, जसं पूर्वेला 'शर्क'. ज्या दिवशी ते ठोकले त्या दिवशी शहाता घरी होता; छातीत कफ दाटला होता. त्यामुळे कुठला बिल्ला कुठे, हे त्याच्या पायांना ठाऊक नव्हतं. पण आकडे तर येत होते. त्यानं काळजी केली नाही.

अरबी सात म्हणजे दोन बोटं वर करून दाखवावीत तसा. आठ म्हणजे तीच दोन बोटं जमिनीकडे केली तर दिसतील तसा. सात उलटा धरला की आठ होतो, आणि आठ उलटा धरला की सात. सरळ कुठला नि उलटा कुठला, हे खालची अक्षरं सांगतात. ज्याला अक्षरं येतात त्याला.

त्या दिवशी बाहेरच्या बाजूनं चर खणलेला होता. शहाता ढिगाऱ्यावरून उतरून पिरॅमिडच्या अंगानं बिल्ल्यांपाशी आला. पाठ दगडाला, तोंड बागांकडे. हातातल्या वॉकीटॉकीवर वजीहनं विचारलं, सात? शहातानं पायांशी पाहिलं, दोन बिल्ले शेजारी शेजारी. दोन बोटं वर असलेल्या बिल्ल्यावर त्यानं काठी टेकवली. म्हणाला, सात. मग आठ. दोन्ही वेळा बुडबुडा मधोमध होता, आणि हात दगडासारखा स्थिर.

चार दिवसांनी चरावर फळ्या टाकल्या. विसरलेला ओळंबा आणायला तो बाहेरच्या बाजूनं आला. बिल्ल्यांपाशी वाकला, ओळंबा उचलला, आणि वाकलेलाच राहिला. दोन बोटं वर होती ती आता खाली होती. तो उठून पिरॅमिडच्या अंगाला गेला, तिथून पाहिलं. पुन्हा बाहेर आला. बिल्ले ठोकले तेव्हा चर नव्हता, म्हणजे ठोकणारे बाहेरच्या बाजूनंच वाकले असणार. आपण सातच्या जागी आठ आणि आठच्या जागी सात दिला, हे त्याला कळलं. कुठली बाजू खरी, हे खालच्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि बिल्ला त्याच्या नाकासमोर होता. त्यानं बारीक अक्षरांवर अंगठा फिरवला. मुंगी चालून गेल्यासारखं काहीतरी होतं ते.

वजीह पन्नास पावलांवर छत्रीखाली वहीत डोकं घालून बसला होता. तिथवर जाऊन सांगायचं की साहेब, सात-आठ उलटे लागलेत, परत धरूया. पाच मिनिटांचं काम. पण वजीह विचारणार, खाली 'शर्क' लिहिलंय की, ते नाही का दिसलं? मग त्याला काय सांगायचं? शहातानं ओळंबा नेऊन दिला. वजीहनं त्याला चहा ओतून दिला. दोघांनी चहा घेतला. वजीह म्हणाला, पूर्वेची बाजू मधेच वाकडी येतेय, काहीतरी मोठं सापडलंय बहुतेक. कारागिरांनी काम अर्धवट झाल्यावर दिशा पुन्हा तपासली असेल, दुसऱ्या एखाद्या ताऱ्यावरून. त्याचे डोळे चमकत होते. शहातानं चहाचा गाळ ग्लासात फिरवला आणि म्हणाला, "असेल."

पुढे कितीतरी वर्षं त्याला रात्रंदिवस आठवायचं ते हे. तंबूतली गोष्ट नंतर झाली, ती सगळ्यांना माहीत आहे. हा 'असेल' मात्र त्याच्या एकट्याकडे राहिला.

मुदीरांनी तो आकडा कैरोतल्या एका परिषदेत मांडला. सभेत एका म्हाताऱ्या अभ्यासकानं उभं राहून तीस वर्षांपूर्वीची मोजणी दाखवली आणि सरळ विचारलं, की बाजू वीतभर वाकडी असती तर आम्हाला दोरी लावूनसुद्धा दिसली असती, नाही का? लोक हसले. मुदीरा गावात परतल्या त्या तोंड बंद करूनच. दुसऱ्या दिवशी मोठ्या तंबूत सगळ्यांना बोलावलं. त्यांची अरबी पुस्तकी होती, राग आला की आणखीच शुद्ध व्हायची. त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ही चूक कुणाची आहे ते मला कळलं पाहिजे.

वजीहचा चेहरा पांढरा पडला होता. यंत्र तपासलंय, हिशोब तीनदा केलाय, असं तो सांगत होता. मग तो शहाताकडे वळला. आवाजात आरोप नव्हता.

"अम्म शहाता, सातवर तुम्ही सातवरच होता ना?"

तंबूत तेराचौदा माणसं होती. मेहुणा होता, सलामाचा भाऊ होता, मुकादम अब्दुस्सत्तार होता. सगळे शहाताकडे बघत होते. त्याच्या काखेत वर्तमानपत्र होतं.

"सोळा वर्षं काठी धरतोय मी," तो म्हणाला.

मुकादमानं लगेच धागा उचलला. "बाई, या माणसाच्या डोक्यावर उंट उभा केला तरी हा हलायचा नाही. वहीत काय उतरलं ते वहीवाल्याला विचारा. आमची माणसं वही धरत नाहीत."

शहाता गप्प राहिला. वजीहनं त्याच्याकडे आणखी क्षणभर पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, की मग नोंद करताना माझ्याकडूनच अदलाबदल झाली असेल. मुदीरांनी वही मिटली.

वजीह दोन दिवसांनी मोहीम सोडून गेला. जाताना सगळ्यांचे हात हातात घेतले. शहाताचाही घेतला, म्हणाला, छातीला जपा. नवीन मोजणीवाला आला, पूर्वेची बाजू पुन्हा मोजली. या वेळी शहातानं काठी बाहेरच्या अंगानं धरली आणि रेघ सरळ आली. मुकादमानं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची जागा त्याला दिवसभर जाणवत राहिली.

घरी तो नीट जेवेना. मुलूखियाच्या पाल्याचा रस्सा समोर थंड होऊन वर साय धरायचा. नबवीयानं आठवडाभर पाहिलं, मग एका दुपारी मुली शेतावर गेल्यावर दार लोटून समोर बसली. म्हणाली, आता सांगा. त्यानं सांगितलं. बिल्ले, चहा, तंबू, सगळं. ती बराच वेळ गलाबियाची फाटकी बाही शिवत बसली.

"वाचता न येणं ही काही चोरी नव्हती, अबू सबाह," ती म्हणाली. "तिची लाज तुम्ही सोळा वर्षं बाळगलीत. आणि जिची लाज वाटायला हवी होती, ती गोष्ट हातून घडत होती तेव्हा तुम्ही चहा पीत बसलात."

पुन्हा ती त्यावर बोलली नाही.

तो मुकादमाकडे गेला. अब्दुस्सत्तारनं सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि हळू आवाजात समजावलं. झालं ते झालं. रेघ सरळ आली, बाई शांत झाल्या. आता तू तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न मला येईल, की वाचता येतं म्हणून याला कुणी घेतला? मग माझ्या बाकीच्या माणसांकडेही बोट जाईल. इंजिनिअर शिकलेला आहे, त्याला दहा दारं उघडी. शहाता म्हणाला, बरं. आणि खरं सांगायचं तर मुकादमानं गप्प बस म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं. हेही त्यानं नंतर स्वतःला माफ केलं नाही.

उन्हाळा गेला, खजूर उतरवून झाला. ज्या दिवशी मोहिमेची गाडी पुन्हा गावात आली त्या दिवशी तो चष्मा घरी ठेवून, रिकाम्या हातानं मुदीरांच्या तंबूत गेला. त्या कागद लावत होत्या. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. शब्द आधी जुळवून ठेवले होते ते सगळे विसरला आणि भलत्याच टोकापासून सुरुवात केली, शाळेपासून, म्हशीपासून. मुदीरांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर त्यांनी टेबलावरचा एक बिल्ला उचलून त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, आकडा चार. खाली काय आहे ते मला येत नाही.

त्यांनी बिल्ला खाली ठेवला. त्या ओरडतील असं त्याला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सोळा वर्षं मी तुमच्या हातात मोजणी दिली," त्या म्हणाल्या, "आणि एकदाही विचारलं नाही." मग कागद पुन्हा लावत म्हणाल्या: "मी वजीहला लिहीन. आणि तुम्ही काठी धरायची की नाही ते तुम्हीच सांगा. बिल्ले वाचायला दुसरा माणूस बरोबर देईन."

शहाता म्हणाला, टोपल्या द्या. त्याच दिवसापासून तो वाळूच्या टोपल्या उचलू लागला, एकावन्नाव्या वर्षी. गावाला कळायला दोन दिवसही लागले नाहीत. मुकादम त्याच्याशी मोसमभर बोलला नाही. टपरीवर सलामानं वर्तमानपत्र पुढे केलं, म्हणाला, "प्रोफेसर, जरा आजची बातमी सांगा." शहातानं ते घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "मला येत नाही." मग कुणीच हसलं नाही. सलामानं चहा मागवला, तो त्यानं घेतला.

मुदीरांच्या पत्राला वजीहचं दोन ओळींचं उत्तर आलं. आभार मानले होते. परत येणार नाही म्हटलं होतं. तेव्हा शहातानं बेन्हाला जायचं ठरवलं. नबवीयानं पहाटे उठून तुपाचे पदर सुटणारे फतीर भाजले, फडक्यात बांधून दिले, वर खजुराची टोपली. मायक्रोबस, मेट्रो, पुन्हा मायक्रोबस. पत्ता तिनं कागदावर लिहून दिला होता. तो कागद त्यानं चार जणांना दाखवला आणि चौघांनाही सांगितलं, की मला वाचता येत नाही, तेवढं सांगा. पहिल्याला सांगताना जीभ जड झाली. चौथ्याला सांगतानाही झाली. सवय होईल असं त्याला वाटलं होतं, ती झाली नाही.

दार वजीहच्या आईनं उघडलं. वजीह कामावरून आलेला होता. एका कंत्राटदाराकडे रस्त्यांची मोजणी करायचा. थोडा भरला होता, उन्हानं रापला होता. त्यानं आत नेलं, बसवलं, छाती कशी आहे विचारलं. शहाता खुर्चीच्या कडेवर बसला. फतीरचं गाठोडं मांडीवरच राहिलं.

"तुम्हाला पत्र आलंच आहे," तो म्हणाला. "बाईंनी लिहिलेलं. पण माझ्या तोंडून सांगायला आलोय."

वजीहनं त्याला बोलू दिलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं, अम्म शहाता."

शहाताला वाटलं, पत्रातलं म्हणतोय.

"पत्राच्या आधीपासून. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी वही काढली. सात आणि आठ उलटे टाकून पाहिले, बाजू सरळ झाली. मग आठवलं, चर खणलेला होता, तुम्ही आतल्या बाजूला उभे होता. यंत्रातून तुमची छाती दिसत होती मला, पाठ नाही. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं." त्यानं खुर्ची जरा पुढे ओढली. "आणि तुम्हाला वाचता येत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. खोकल्याच्या गोळ्या दिल्या होत्या मी. डब्यावर ठळक लिहिलेलं, दिवसातून दोनदा. तुम्ही मला तीनदा विचारलंत, किती घेऊ."

शहातानं गाठोड्याची गाठ चाचपली. त्यानं विचारलं, "मग तुम्ही लिहून का नाही कळवलं बाईंना? तुमचं नाव धुऊन निघालं असतं."

"लिहायला बसलो होतो. पण ते कसं लिहायचं? काठीवाल्याला वाचता येत नव्हतं, असंच लिहावं लागणार. तुम्ही इतकी वर्षं जे झाकून ठेवलं, ते मी एका ओळीत उघडं करायचं. म्हटलं, ते स्वतः सांगतील. आठवडाभरात सांगतील. महिन्यात सांगतील." वजीह हसला, पण हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "तेवढ्यात माझ्या प्राध्यापकांनी विषय दुसऱ्याला दिला."

आतल्या खोलीत आई चहाचे ग्लास मांडत होती, त्यांचा आवाज येत होता. शहाता मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत राहिला. आपली लाज हा आपल्यासाठी जपत होता, आणि आपण त्याचं आयुष्य वाळूत टाकून मोकळे झालो. त्याला माफी मागायची होती. शब्द तोंडापर्यंत आला, पण इतका लहान वाटला की बाहेर काढवेना.

वजीहनंच ते ओळखलं. म्हणाला, "माफ केलं असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. मला राग आहे अजून. तुमच्यावर किती आणि माझ्या भिडस्तपणावर किती, ते अजून कळलेलं नाही."

"तो तसाच राहू द्या," शहाता म्हणाला. "माझ्यासाठी कमी करू नका."

आईनं चहा आणला, गाठोडं सोडून फतीर ताटात ठेवले, मधाची वाटी ठेवली आणि पाहुण्याला वाढलं. तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं विचारलं, तुम्हीच का ते, सावलीवरून पूर्व-पश्चिम काढायची गोष्ट गावाला सांगणारे? वजीह फार सांगायचा तुमच्याबद्दल. शहातानं मान डोलावली. घास तोंडात फिरत राहिला. वजीहनं दोन तुकडे खाल्ले, तिसरा घेतला नाही.

पुढे सात-आठ वर्षं शहाता टोपल्या उचलत राहिला. साक्षरतेच्या वर्गालाही गेला, चार दिवस. मास्तरीण त्याच्या धाकट्या मुलीची मैत्रीण होती. तिनं फार मायेनं खडू हातात दिला, आणि त्या मायेपुढे त्याला बसवेना. नबवीयानं आग्रह केला नाही. बिल्ल्यांवरची चार अक्षरं मात्र त्यानं तिच्याकडून शिकून घेतली, बाकीची राहिली.

मोहिमेचा अहवाल छापून आला तेव्हा मुदीरांनी एक अरबी प्रत गावात पाठवली. पूर्वेच्या बाजूबद्दल त्यात एकच वाक्य होतं: आधीच्या मोसमात दोन बिंदूंची अदलाबदल झाली होती, ती दुरुस्त केली आहे. कुणाकडून झाली, ते नव्हतं. मोजणी करणाऱ्यांत वजीहचं नाव होतं. शेवटी मजुरांची नावं होती, आभारासह, आणि त्यांत शहाता बयूमी होता. नबवीयानं बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, ते खोडता येईल का? ती म्हणाली, "पुस्तक आपलं नाही, मोहिमेच्या घराचं आहे. उद्या परत द्यायचंय."

त्यानं तिला आधीचं, मोजणी करणाऱ्यांच्या नावांचं पान उघडायला सांगितलं आणि वजीहचं नाव कुठलं ते विचारलं. तिनं दाखवलं. तो ते बराच वेळ बघत राहिला. मग पुस्तक मिटून, फडक्यात गुंडाळून त्यानं फळीवर ठेवलं, आणि म्हशीला पाणी दाखवायला बाहेर गेला.